हिचे डॉक्टर कोण?

“हिचे डॉक्टर कोण?” डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि मार्कसचं डोकंच फिरलं. आत्ताच तर त्यानं त्यांच्या टेबलावर पाच कार्डं मांडली होती, पाच रंगांची, पाच विभागांची. कान-नाक-घसा, त्वचा, पोट, हाडं, आणि पाचवं, जे तो नेहमी सगळ्यांच्या खाली ठेवायचा, मनोविकाराचं. दोन वर्षांत बहारीनमधल्या मनामा शहरातल्या त्या खाजगी हॉस्पिटलातला एकही मोठा डॉक्टर त्यानं सोडला नव्हता. तिथं रेकॉर्ड सेक्शनला आठ वर्षं काढलेला माणूस तो. रांगेत उभं न राहता बायकोला थेट आत नेत होता. आणि जिदहफ्सच्या गल्लीतल्या या सरकारी हेल्थ सेंटरमधली, डोक्यावर स्कार्फ बांधलेली, फार तर तिशीची ही मुलगी त्याला विचारत होती, डॉक्टर कोण? त्यानं बोट ठेवून एकेक नाव वाचून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या कोटावर मुनीरा एवढंच लिहिलेलं होतं. “हे विभाग झाले, मिस्टर मार्कस,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “मी विचारते, हिला बरं वाटेनासं झालं की ही पहिल्यांदा जाते कोणाकडे?” “माझ्याकडे. मी अपॉइंटमेंट काढतो.” “तुम्ही डॉक्टर आहात?” “नाही. मी रेकॉर्ड सेक्शनला आहे.” बाईंनी मान हलवली. शेजारच्या खुर्चीत ब्रिजिट बसली होती, उजव्या तळव्याला बँडेज, मार्च महिन्यात अंगात लोकरी स्वेटर, आणि चेहऱ्यावर दोन वर्षं असलेला तो झोपाळू निर्विकारपणा. “मग तुम्ही जरा बाहेर बसा,” बाई त्याला म्हणाल्या. “मला हिच्याशी बोलायचंय.”

बाहेरच्या बाकावर तो बसला खरा, पण बसवत नव्हतं. आजवर कोणी त्याला बाहेर काढलं नव्हतं. उलट त्याच्या हॉस्पिटलात सगळे डॉक्टर म्हणायचे, मार्कस, तूच सांग काय होतंय ते, तुझी मिसेस बोलेपर्यंत माझी ओपीडी संपेल. आणि तो सांगायचा. व्यवस्थित, तारखांसकट, एखाद्या फाइलवरचा गोषवारा वाचावा तसा. ब्रिजिटकडून उत्तर काढणं म्हणजे विहिरीतून गाळ उपसण्यासारखं झालं होतं. प्रश्न विचारावा, तिनं वर बघावं, ओठ हलवावेत, तेवढ्यात आपल्याला घाम फुटावा. घामाचं तर विचारूच नका. मागच्या जुलैत, बाहेर रस्त्याचं डांबर पातळ झालेलं असताना, ही घरातला एसी बंद करून पांघरूण घेऊन पडलेली. तो ड्यूटीवरून आला तेव्हा घराची भट्टी झालेली. तो ओरडला होता. ती घोगऱ्या आवाजात, शब्दामागे शब्द ओढत म्हणाली होती, “अहो, मला थंडी वाजते.” बहारीनमध्ये, जुलैत, थंडी! त्यानं एसी लावला, बटण फिरवून फिरवून शेवटपर्यंत लावला, आणि ती उठून स्वयंपाकघरात, गॅसजवळ जाऊन बसली. ते त्याला आत्ता बाकावर का आठवावं? समोर एक बहारीनी म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या शेजारी तिची सून पोटुशी, आणि नर्सनं नाव पुकारलं तसे तिघं मिळून एकाच खोलीत एकाच डॉक्टरकडे गेले. मार्कसला ते अडाणीपणाचं वाटलं. म्हातारीचं वेगळं, मुलाचं वेगळं, बाळंतपणाचं वेगळं, एवढीही विभागणी नाही. रहिमतुल्लाला तो हेच सांगत आला होता. रहिमतुल्ला रत्नागिरीचा, त्याच्याच सेक्शनमधला, दोन इमारती सोडून राहणारा. तो वर्षभर म्हणत होता, “अरे, आमची अकीला पोरांना घेऊन त्या हेल्थ सेंटरातच जाते. तुझ्या बायकोला एकदा ने की.” आणि मार्कस म्हणायचा, “तिथं काय, पॅनाडॉलची गोळी देतात नि घरी पाठवतात.”

आज इथं यावं लागलं तेही अकीलामुळेच. तीन दिवसांपूर्वी ती डबा परत द्यायला म्हणून आली तर घरभर करपल्याचा वास, आणि ब्रिजिट गॅसपाशी उभी, तवा सरकवताना तळवा तव्यावर टेकलेला, आणि हिला पत्ताच नाही. बोटं बधिर झाली होती गेल्या दिवाळीपासून. हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला होता. अकीलानं तिला तशीच उचलून इथं आणलं. इथल्या बाईंनी हात बांधला, आणि निरोप धाडला की नवऱ्याला घेऊन या, घरात असतील तेवढे सगळे कागद घेऊन या. जळलेल्या हाताला कागद कशाला? त्यासाठी त्याला हाफ डे लीव्ह टाकावी लागली होती. तो घड्याळ बघत होता. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आतून बाईंचा आवाज येत नव्हता. येत होता तो ब्रिजिटचा, तो जाडसर, ओला आवाज, थांबत थांबत, पण येत होता. एवढं काय बोलत होती ती? आणि ज्या गोष्टी दोन वर्षांत आपल्याला सांगितल्या नाहीत त्या या परकीला, मोडक्या इंग्रजीत? त्याला एकदम भीती वाटली की ती कार्मेलबद्दल सांगत असणार.

कार्मेल. ते आठवलं की मार्कसचा राग नेहमी एकाच ठिकाणी जाऊन थांबायचा, शाळेच्या बसच्या थांब्यावर. दीड वर्षापूर्वी, सप्टेंबरात, शाळा उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. साडेबाराला बस मुलीला सोडून गेली आणि दोनपर्यंत सात वर्षांची कार्मेल त्या उन्हात उभी होती, कारण आई घरी झोपली होती. एका दुकानदारानं तिला आत घेतलं, पाणी पाजलं, तिच्या वहीवरचा नंबर बघून हॉस्पिटलात फोन लावला. मार्कस तिला घेऊन घरी आला तेव्हा तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या आणि ती म्हणत होती, “Daddy, don't shout at Mummy.” तो ओरडलाच. आळशी म्हणाला, आई म्हणवून घ्यायला लाज वाटत नाही का म्हणाला. ब्रिजिट पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत राहिली होती, डोळ्यांच्या खाली सुजेच्या पिशव्या, तोंड किंचित उघडं. पुढच्या महिन्यात त्यानं मुलीला वसईला, निर्मळला, आपल्या मोठ्या बहिणीकडे, अ‍ॅग्नेसकडे पोचवून टाकलं. तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये नाव घातलं. विमानतळावर निघताना ब्रिजिट दारापर्यंत आली, कार्मेलच्या केसांवरून हात फिरवला, आणि आत जाऊन झोपली. त्या झोपण्याचा राग त्याला बसथांब्यावरच्या प्रकारापेक्षाही जास्त आला होता. बाई रडलीसुद्धा नाही! मनोविकाराच्या डॉक्टरांना त्यानं हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते लिहून घेतलं आणि गोळ्या वाढवल्या.

नर्सनं बोलावलं. आत ब्रिजिट खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरी, पावलं मागं लोंबती ठेवून बसली होती, चर्चमध्ये बसावं तशी. “बघा,” डॉक्टर मुनीरा म्हणाल्या. हातातल्या छोट्या रबरी हातोडीनं त्यांनी टाचेच्या वरच्या शिरेवर टक्‌ केलं. पाऊल झटकन मागं गेलं, आणि मग, मार्कसनं पाहिलं, ते जागेवर यायला वेळ लागला. पाण्याखालून येत असल्यासारखं, हळू, हळू. बाईंनी दुसऱ्या पायावर मारलं. तेच. मग स्वतःचा बूट काढून, दुसऱ्या खुर्चीवर तसेच गुडघे टेकून, नर्सला म्हणाल्या, मला मार. त्यांचं पाऊल मागं गेलं नि तितक्याच झटकन परत आलं. “दिसला फरक?” त्यांनी विचारलं. मग त्यांनी त्याच्या प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक फोटो काढला, पासपोर्ट आकाराचा, ब्रिजिटच्या व्हिसाच्या वेळचा, उरलेली प्रत. “ही कोण?” “हीच,” तो म्हणाला. “किती वर्षं झाली?” “चार.” बाईंनी फोटो त्याच्या हातात दिला आणि ब्रिजिटला त्याच्याकडे तोंड करून बसवलं. “आता दोघींकडे बघा. घाई करू नका.” फोटोतली मुलगी निमुळत्या चेहऱ्याची होती, भुवया कानांकडे गेलेल्या, ओठ आवळलेले, आत्ता हसू फुटेल अशी. समोरच्या बाईचा चेहरा फुगलेला होता, कातडी पिवळट, जाड, आणि भुवया निम्म्यावरच संपलेल्या. निम्म्यावर! रोज ताटासमोर बसणाऱ्या बायकोच्या भुवया कधी गळून गेल्या हे त्याला सांगता आलं नसतं. ब्रिजिट त्याच्याकडे बघत होती, तो कधी एकदा बघून संपवतो याची वाट बघत.

“आवाज बसला, कातडी सुकली, पोट साफ होत नाही, बोटं बधिर, थंडी, झोप, वजन. तुम्ही हे पाच जणांना पाच तुकड्यांत सांगितलंत,” डॉक्टर म्हणाल्या. “ते एकच आहे. गळ्यातली ही थायरॉइडची ग्रंथी बंद पडत आलीये. रक्त तपासायला सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवते, पण मला फारशी शंका नाही. रोज सकाळी एक लहानशी गोळी. बस्स. जन्मभर घ्यावी लागेल, पण ही बरी होईल.” मार्कसला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. “मॅडम, तुम्ही जनरल डॉक्टर ना?” त्यानं विचारलं. “तिथं लंडनहून शिकून आलेले स्पेशालिस्ट आहेत. त्यांना कळलं नाही आणि तुम्हाला अर्ध्या तासात कळलं?” बाईंना त्यातला बोचरेपणा कळला असावा, पण त्या हसल्या. “मी पण पुढं शिकलेय. फॅमिली मेडिसिन. लोक विचारतात, हे कशाचं शिक्षण? घसा असो, बाळ असो, म्हातारी असो, आधी माझ्याकडे येतात. झेपेल ते मी बघते. झेपणार नाही ते पुढं पाठवते, आणि तिथून परत आलं की पुन्हा मीच बघते. तुमच्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी आपापला भाग नीट पाहिला. पण हिला परत कोणाकडे यायचं तेच नव्हतं.” मग ब्रिजिटकडे वळून त्या म्हणाल्या, “दोन आठवड्यांनी या. हात बघायला, आणि बाकीचंही.” ब्रिजिटनं मान डोलावली आणि मार्कसकडे न बघता अरबीत आभार मानत म्हणाली, “शुक्रन, डॉक्टर.”

आठवड्यानं रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या होत्या तसाच. त्या दिवशी सकाळी मार्कसनं हॉस्पिटलात एक गोष्ट केली जी नियमात बसत नव्हती. रेकॉर्ड सेक्शनमध्ये प्रत्येक विभागाचं कपाट वेगळं होतं, त्यानंच तसं लावलेलं. पूर्वी सगळं एकत्र असायचं, सारखा घोळ व्हायचा, म्हणून त्यानं विभागवार फाइली करण्याची सूचना दिली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. आता तो पाच कपाटांकडे गेला, पाच पातळ फाइली काढल्या आणि टेबलावर ओळीनं ठेवून वाचायला बसला. कान-नाक-घसा: स्वरयंत्रास किंचित सूज, अन्य दोष नाही, आवाजाला विश्रांती. त्वचा: कोरडेपणा, मलम. पोट: तपासणी नॉर्मल, पालेभाज्या खाव्यात. हाडं: मनगटाचा पट्टा. मनोविकार: उदासीनता, आणि त्याखाली इंग्रजीत एक ओळ, ‘माहिती पतीने दिली, पती विश्वासार्ह.’ ती ओळ त्यानं तीनदा वाचली. मग दुसऱ्या फाइली पुन्हा उघडल्या. पाचही ठिकाणी, वेगवेगळ्या अक्षरांत, तेच. पतीच्या म्हणण्यानुसार. पती सांगतात. रहिमतुल्ला मागं येऊन उभा राहिला होता. “ठेव रे ते,” तो हळूच म्हणाला. “बरी होतेय ना ती? अल्लाचे आभार मान नि खलास कर.” “खलास?” मार्कस ओरडला. सेक्शनमधली माणसं वळून बघायला लागली. “दोन वर्षं गेली माझी!” रहिमतुल्ला आपल्या जागेवर जाऊन बसला.

पोटाचे डॉक्टर शैलेंद्र भेटले ते कॅन्टीनमध्ये. चांगला माणूस, नाशिककडचा, मार्कसशी नेहमी मराठीत बोलणारा. मार्कसनं त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, आवाज चढू न देता, आणि शेवटी विचारलं, “तुम्हाला दिसलं नाही?” शैलेंद्रांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच वाईट वाटल्याचं दिसत होतं, आणि त्यामुळं मार्कसला आणखीच राग आला. “मार्कस, मी पोट पाहिलं. पोटात काही नव्हतं, ते मी लिहिलं. चुकलंच. तिच्या तोंडाकडे बघायला हवं होतं.” मग ते म्हणाले, “खरं सांगू? मला वहिनींचा आवाज आठवतच नाही. घोगरा होता म्हणतोस, पण मी तो ऐकल्याचं आठवत नाही. तू बोलत होतास.” मार्कस उठला. मागं खुर्ची पडली ती त्यानं उचललीसुद्धा नाही. कॉरिडॉरमधून जाताना त्याला वाटत होतं की या बिलंदर माणसानं किती शिताफीनं आपल्यावर उलटवलं. हेच करतात हे लोक. चूक करायची आणि वर पेशंटच्या माणसाला दोष द्यायचा. त्या दिवसापासून तो चिडूनच उठायचा आणि चिडूनच झोपायचा. दाढी करताना, बसमध्ये, जेवताना तो मनातल्या मनात डॉक्टरांशी भांडत असायचा, त्यांना गप्प करायचा, त्यांच्याकडून माफी वदवून घ्यायचा. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये गुडघे टेकले तरी तेच. हॉस्पिटलच्या संचालकांच्या नावानं त्यानं तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं, आणि ते इतक्या वेळा फाडून पुन्हा लिहिलं की टाइपरायटरची रिबन फिकी पडली.

त्यामुळं घरात काय होतंय ते त्याच्या उशिरा लक्षात येत गेलं. पहिले तीन आठवडे फारसं काही झालं नाही. बाईंनी गोळी अगदी बारीक सुरू केली होती, हळूहळू वाढवू म्हणाल्या होत्या. मग एके दिवशी तो आला तर घर गार होतं, एसी चालू, आणि स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. चेहरा उतरायला लागला, तो खरोखरच उतरला, सूज जाऊन गालाची हाडं वर आली. केस गळायचे थांबले. ती अकीलाबरोबर बाजारात जाऊन मासळी आणू लागली. हेल्थ सेंटरला एकटी जायची, परत आली की सांगायची, मुनीराबाईंनी हे विचारलं, ते विचारलं, त्यांच्या सासूबाईंना पण हेच आहे, घरी सगळे कसे आहेत विचारत होत्या. “मी कसा आहे विचारलं का?” एकदा त्यानं कुत्सितपणे विचारलं. “विचारलं,” ब्रिजिट म्हणाली. “मी म्हटलं, रागात आहेत.” तो हसला नाही. तिच्या बोलण्यातल्या फटी भरत चालल्या होत्या. शब्दाला शब्द लागत होता. तोंडातली जड जीभ हलकी झाल्यासारखी. ते ऐकताना त्याला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ पुन्हा डॉक्टरांचा राग.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं पत्र पुरं केलं. चार पानी, इंग्रजी. ब्रिजिट टेबल पुसत होती. “बस,” तो म्हणाला, “तुला वाचून दाखवतो.” तिनं फडकं बाजूला ठेवलं आणि समोर बसली. तो वाचत गेला आणि प्रत्येक परिच्छेदानंतर मराठीत सांगत गेला. पाच विभागांची बेपर्वाई. माझ्या पत्नीच्या आयुष्यातली दोन वर्षं. आमच्या एकुलत्या मुलीला या अक्षम्य हलगर्जीपणामुळं मायदेशी पाठवावं लागलं. इथं ब्रिजिटनं हात वर केला. “थांबा. कार्मेलला कोणत्या विभागानं पाठवलं?” त्याला प्रश्न कळला नाही. “म्हणजे त्यांच्यामुळंच ना. तुझं निदान झालं असतं तर—” “त्या दिवशी बसथांब्यावर ती उभी राहिली ती माझ्यामुळं. मला झोप आवरत नव्हती. आजार होता, आता कळलं, तरी ते माझं मला खातं रोज. पण तिला इथून उचलून नेलं कोणी? मला विचारलं होतं?” “तू काही बोललीच नाहीस, ब्रिजिट. मी काय समजायचं? तू रडलीसुद्धा नाहीस.”

“बोलले नाही?” ती उभी राहिली. आवाज चढला, आणि तो फुटला नाही, घोगरला नाही, वर वर गेला. “मला एक वाक्य जुळवायला किती वेळ लागायचा माहीत आहे तुला? मी पहिला शब्द काढेपर्यंत तू पुढचं बोलून टाकायचास. डॉक्टरांनी मला विचारायचं आणि उत्तर तू द्यायचंस. मी तुला थंडी वाजते म्हटलं, तू एसी वाढवलास. बोटं कळत नाहीत म्हटलं, तू म्हणालास काम टाळते. आळशी म्हणालास मला, पोरीच्या देखत. ती विमानात बसली तेव्हा मी त्या पलंगावर पडून होते आणि मला रडू कुठूनच येईना. आतून ओरडत होते रे मी, अंग साथ देत नव्हतं. आणि तू म्हणालास, रडली नाही. डॉक्टरला सांगितलंस. त्यानं लिहून घेतलं!” मार्कसनं खिडकीकडे पाहिलं. ती उघडी होती. समोरच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं आणि थांबून इकडे बघत होतं. “हळू बोल,” तो म्हणाला. “नाही बोलणार हळू,” ब्रिजिट म्हणाली. “दोन वर्षं हळूच बोलले.”

ती किती वेळ बोलत होती ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. तिनं काहीही सोडलं नाही. मलमाचा वास, गोळ्यांनी येणारी गुंगी, अ‍ॅग्नेसच्या पत्रातलं ते वाक्य, की कार्मेल आता मम्मीबद्दल विचारत नाही. मध्येच तिचा श्वास लागला, तेव्हा ती पाणी प्यायली आणि तिनं पुन्हा सुरू केलं. त्याच्यापाशी इतके दिवस साठलेला राग होता, पाच डॉक्टरांना पुरून उरेल एवढा, आणि तो इथं काहीच कामाचा नव्हता. ही बाई आपल्याला सोडून जाईल असं त्याच्या मनात आलं, आणि ती गेली तर तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही, हेही आलं.

शेवटी ती खाली बसली. चेहरा लालबुंद झाला होता. “मी वसईला जाते,” ती म्हणाली. “शाळा सुरू व्हायच्या आत. मुनीराबाईंना विचारलंय, प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या. एकटी जाणार. कार्मेलला विचारणार, येतेस का म्हणून. ती नाही म्हणाली तर तिथं राहीन, ती हो म्हणेपर्यंत.” “आणि मी?” “तू इथं ड्यूटी कर.” तिनं टेबलावरची चार पानं स्वतःकडे ओढली, इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत राहिली. मार्कसला वाटलं ती फाडणार. “हे पाठव,” ती म्हणाली. “खोटं काही नाही यात. पाठवायलाच हवं, उद्या दुसरी कोणी माझ्यासारखी बसेल तिथं. पण पुरं नाही हे. अजून एक आहे, ते घाल.” “काय?” “लिही. पेशंटला बोलता येत होतं. वेळ लागत होता, पण येत होतं. तिला कोणी बोलू दिलं नाही, नवऱ्यानंसुद्धा. असंच लिही, माझं नाव घालून, नि खाली सही तुझी.”

त्यानं चौथं पान पुन्हा टाइपरायटरमध्ये सरकवलं. सुरुवातीचे शब्द ठीक उमटले. ‘नवऱ्यानंसुद्धा’ला इंग्रजीत काय लिहावं याच्यापाशी बोटं थांबली. शब्द त्याला ठाऊक होता, साधा होता. खाली मशिदीकडे निघालेल्या माणसांच्या चपला वाजत होत्या. ब्रिजिट समोर बसून होती, कोपरं टेबलावर, त्याच्या हातांकडे बघत.

“लिहिलंस?” तिनं विचारलं.

“लिहितोय,” तो म्हणाला.